श्यामच्या दोन रात्री : ‘भूतदया’ आणि ‘मुकी फुले’

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा विचार मराठीत बहुधा मातृभक्तीच्या अंगाने होत आला आहे. त्यात वावगे काही नाही, कारण पुस्तकाच्या नावानेच तो मार्ग दाखविला आहे. परंतु या पुस्तकाचे मराठी घरांतले आणि शाळांतले स्थान पाहता त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते. लहान मुलाने आपल्याहून दुबळ्या, न बोलणाऱ्या जिवाशी कसे वागावे, हे मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना प्रथम ज्या थोड्या पुस्तकांनी सांगितले, त्यांत हे एक प्रमुख पुस्तक होय. अशा पुस्तकात ती शिकवण नेमकी कोणत्या स्वरूपात आली आहे, हे तपासून पाहिले पाहिजे. सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, पुस्तकातील फुले, गाय, पाखरू हे सारे प्रसंग एकाच सद्गुणाची निरनिराळी उदाहरणे आहेत आणि त्या सद्गुणाचे नाव ‘भूतदया’ आहे. हे गृहीत बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. या प्रसंगांत दोन वेगळ्या वृत्ती शिकविल्या आहेत. एक जपणुकीची, दुसरी आदराची. त्या एकमेकींना पूरक असतात तशा कधीकधी विरोधीही असतात. आणि ज्या रात्रीला ‘भूतदया’ हे नाव मिळाले आहे, त्या रात्रीत आदराची शिकवण जवळजवळ नाही.

पुस्तकाची सर्वपरिचित माहिती येथे थोडक्यात सांगितली म्हणजे पुरे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लेखन केले आणि ते १९३५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. प्रौढ झालेला श्याम आश्रमातील आपल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी असून अशा बेचाळीस रात्री आहेत. तिसरी रात्र ‘मुकी फुले’, नववी ‘मोरी गाय’, दहावी ‘पर्णकुटी’ आणि अकरावी ‘भूतदया’. हा क्रम ध्यानात ठेवावयास हवा, कारण पुढील विवेचनात त्याला महत्त्व आहे.

‘भूतदया’ या रात्रीतील कथाभाग अगदी लहान आहे. झाडावरून पडलेले पाखराचे एक पिलू मुलांना सापडते. ती ते घरी आणतात, मऊ बिछान्यावर ठेवतात, त्याला खाऊपिऊ घालण्याची धडपड करतात. पिलू मरते. मुले शोक करतात आणि फुलझाडाजवळ त्याला पुरतात. पिलू जगणार नाही, हे प्रौढ वाचकाला आरंभापासूनच कळलेले असते. मुलांना मात्र ते कळत नाही, आणि या कळण्या-न-कळण्यातील अंतरावर सारा प्रसंग उभा आहे. साने गुरुजींच्या भावविवशतेवर जे आक्षेप घेतले जातात ते इतरत्र कितपत लागू पडतात हा प्रश्न वेगळा; या ठिकाणी त्यांनी मुलांच्या हालचाली ज्या साध्या रीतीने सांगितल्या आहेत, तीत आक्षेप घेण्याजोगे फारसे नाही. धावपळ, उत्साह, एकमेकांवर केलेली घाई, आपल्या हातून काहीतरी मोठे होत आहे अशी भावना, हे सारे मुलांचेच आहे. त्यांची करुणा खरी आहे. पण त्या करुणेत पिलाकडे पाहण्याला अवसर नाही. त्याला काय हवे आहे, हे मुले स्वतःला काय हवे असते यावरून ठरवितात.

हा दोष मुलांना लावण्याचे कारण नाही. त्या वयात करुणेचे हेच रूप असते. परंतु पक्षिजीवनाविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्याच्या प्रकाशात हा प्रसंग पुन्हा वाचला असता एक गोष्ट स्पष्ट होते. पिसे फुटलेले आणि जमिनीवर उड्या मारणारे पिलू बहुधा टाकलेले नसते. त्याचे आईबाप जवळपास असतात व ते त्याला चारा भरवीत असतात. पिसे न फुटलेले पिलू पडले असेल आणि घरटे हाताशी असेल, तर त्याला परत घरट्यात ठेवणे हेच उत्तम. माणसाचा स्पर्श झाला की पक्षी पिलाला टाकून देतात, ही समजूत सर्वत्र पसरलेली असली तरी बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत ती खरी नाही. उलट, पिलाच्या चोचीत बळेच पाणी सोडल्यास ते श्वासनलिकेत जाऊन त्याचा प्राण जाण्याची भीती असते. म्हणजे उचलून घरी आणणे आणि भरविणे, ही मुलांच्या दृष्टीने दयेची परमावधी असलेली कृत्ये पिलाच्या दृष्टीने पुष्कळदा घातक असतात. फार उंचावरून पडलेले श्यामचे पिलू तसेही वाचले नसते. प्रश्न त्या पिलाचा नाही. हा प्रसंग वाचून जे मूल दुसऱ्या दिवशी अंगणात पडलेले पिलू पाहील, त्याच्या हाताला कोणती सवय लागेल, हा आहे.

पिलाला पुरल्यानंतर आई बोलते. तिच्या बोलण्याचा आशय असा : या पाखरावर जसे प्रेम केलेत, तसेच एकमेकांवर करा; पशुपक्ष्यांवर माया करून आपल्याच भावंडांना दूर लोटू नका. येथे कथेचा विषय बदलतो. पाखरू मातीत गेले आहे, आणि त्याच्या जागी आता भाऊ-बहीण उभी आहेत. पुढे निवेदक श्यामही याच अर्थाचे आणखी काही बोलतो. प्राण्यांना गोंजारणारी माणसे माणसांशी निष्ठुरपणे वागतात, हा त्याचा रोख आहे. पाखराचा प्रसंग अशा रीतीने कुटुंबधर्माचा दृष्टान्त बनतो.

हा बदल साने गुरुजींच्या नजरेतून निसटलेला नाही, हे विशेष होय. आईला त्या वेळी गहिवरून का आले, याचा निवेदक स्वतःच तर्क करतो, आणि वडिलांना त्यांच्या भावांकडून मिळालेली वागणूक तिच्या डोळ्यांसमोर आली असेल काय, अशी शंका बोलून दाखवितो. बोधपर लेखनात उपदेशकर्त्याच्या उपदेशामागील व्यथा अशी उघड करणे दुर्मीळ आहे. येथेच रात्रींचा क्रम साहाय्याला येतो. याच्या लगतची आधीची रात्र ‘पर्णकुटी’ची आहे. भाऊबंदकीत घर सुटल्यानंतर, लहान का होईना पण आपली स्वतःची झोपडी असावी असा आईचा आग्रह, हा तिचा विषय. घराबाहेर पडलेल्या कुटुंबाची कथा संपते आणि दुसऱ्याच रात्री घरट्याबाहेर पडलेल्या पिलाची कथा सुरू होते. ही योजना जाणूनबुजून केली आहे असे म्हणण्यास आधार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. आईला पिलात आपले घर दिसले असेल, तर तिचे बोलणे त्या व्यथेतून सहज आलेले आहे. पण त्याचा परिणाम असा झाला आहे की, ‘भूतदया’ नावाच्या रात्रीत भूत बाजूला राहून दयेचा ओघ माणसांकडे वळतो.

याच वळणाचा एक जुना मार्ग युरोपीय बालवाङ्मयात दिसतो, आणि तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मुले पाखरांचा व फुलपाखरांचा छळ करतात याकडे लक्ष वेधले आहे आणि तो वेळीच थांबविला पाहिजे असे सांगितले आहे. त्याची कारणमीमांसा मात्र माणसाभोवती फिरते : ज्याला क्षुद्र जिवांच्या यातनांत मौज वाटते, त्याला पुढे आपल्या जातीच्या माणसांविषयीही कळवळा वाटणार नाही. म्हणजे प्राणी ही दयेची तालीम होय. खरा फड पुढे आहे. लॉकने त्याच जागी एका मातेचे उदाहरण दिले आहे, ते त्याच्या सिद्धान्ताहून सरस आहे. ही माता आपल्या मुलींना कुत्री, खारी, पाखरे, जे हवे ते पाळू देई. पण पाळलेल्या प्राण्याला काही कमी पडले किंवा त्याची हेळसांड झाली, तर तो मोठा अपराध गणला जाई आणि पुष्कळदा तो प्राणी त्या मुलीकडून काढून घेतला जाई. येथे भावनेची शिकवण नाही, जबाबदारीची आहे.

सारा ट्रिमर या लेखिकेचे १७८६ साली निघालेले ‘फॅब्युलस हिस्टरीज’ हे पुस्तक पुढे रॉबिन पक्ष्यांची कथा म्हणून मुलांत फार चालले. पक्ष्यांचे एक कुटुंब आणि माणसांचे एक कुटुंब अशा दोन समांतर कथा तीत आहेत. पक्षी बोलतात, पण ते बोलणे खरे मानू नये, अशी सूचना लेखिकेने आरंभीच देऊन ठेवली आहे. बोलणाऱ्या प्राण्याच्या कथेची लेखिकेला स्वतःलाच थोडी धास्ती वाटत असावी. प्राण्यांना छळणाऱ्या मुलाचा शेवट या पुस्तकात घोड्यावरून पडून होतो, हे त्या काळच्या बोधकथेला धरूनच आहे. लक्षणीय आहे ती मिसेस ॲडिस ही व्यक्तिरेखा. ही बाई पाळीव प्राण्यांवर अतोनात लोभ करते आणि पोटच्या मुलांना विसरते. मुलांना दया शिकविण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात अतिदयेचा धिक्कार करणारे असे पात्र घालावे असे लेखिकेला वाटले, आणि दीडशे वर्षांनी कोकणातल्या एका आईच्या तोंडीही तीच भीती आली. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असे यातून सुचवावयाचे नाही. ट्रिमरबाईंची भीती सृष्टीतील उच्चनीच श्रेणींच्या कल्पनेतून आली आहे. देवाने ठरविलेल्या पायऱ्या मोडू नयेत, हा तिचा आशय. श्यामच्या आईची भीती भाऊबंदकीच्या अनुभवातून आली आहे. पण दोन्हीमागे एक समान गृहीत आहे. माया ही मोजकी असते, ती पाखरावर खर्च झाली तर भावासाठी उरणार नाही, असे ते गृहीत होय. हे गृहीत कोठेही तपासले गेलेले नाही. मुंगीला साखर घालणारा माणूस शेजाऱ्याशी निर्दयपणे वागत असेल, तर त्याचे कारण साखर घालणे हे नव्हे.

मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिचे ‘ओरिजिनल स्टोरीज फ्रॉम रिअल लाइफ’ हे पुस्तक १७८८ साली, म्हणजे ट्रिमरबाईंच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी आले. १७९१ च्या आवृत्तीला विल्यम ब्लेकची चित्रे होती. या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे प्राण्यांशी वागण्याविषयी आहेत. चौदा वर्षांची मेरी आणि बारा वर्षांची कॅरोलाइन या दोन आईवेगळ्या मुली मिसेस मेसन या बाईंच्या हाती सोपविलेल्या आहेत. पुस्तक आज कोरडे वाटते, आणि मिसेस मेसन ही व्यक्ती फारशी लोभस नाही. तिच्याशेजारी श्यामची आई म्हणजे मूर्तिमंत ओलावा. तरीही तिच्या दोन कृती बालशिक्षणाच्या इतिहासात वेगळ्या काढून पाहाव्यात अशा आहेत.

पहिली कृती अशी. मुली दंव पडलेल्या वाटेने किडे मारीत धावत असतात. मिसेस मेसन त्यांना काही बोलत नाही. ती एकाएकी पायवाट सोडून उंच गवतात शिरते, तेथे तिचे पाय भिजतात, आणि ती नुकतीच आजारातून उठलेली असल्यामुळे तिने ओलीत जाऊ नये हे मुलींना ठाऊक असते. त्या खेळ विसरून कारण विचारतात. कारण कळल्यावर मेरीला हसू आवरेनासे होते : अरुंद वाटेवरून गोगलगाई चालल्या होत्या, त्या पायाखाली येऊ नयेत म्हणून बाई बाजूला झाली. उपदेश येतो, पण मागाहून. आधी पाऊल वळते. बाई गोगलगाईंना उचलीत नाही, कुरवाळीत नाही, त्यांच्यासाठी काही करीत नाही. वाट त्यांची आहे असे मानून ती दूर होते, आणि त्यासाठी स्वतः थोडी झीज सोसते.

दुसरी कृती थोड्याच वेळाने घडते. एका मुलाच्या बंदुकीने चंडोलाचे जोडपे जखमी होऊन पडते. मादीचा पंख मोडलेला आहे. तो बांधता येईल, कदाचित बरा होईल. नराची अवस्था मात्र आशेपलीकडची आहे. मिसेस मेसन मुलींना त्याच्याकडे नीट पाहावयास लावते आणि देवी आल्या तेव्हा झालेल्या त्रासाची आठवण देते; त्या वेळी तुमची शुश्रूषा करणारे कोणी होते, हेही सुचविते. मग, मारणे मला मुळीच आवडत नाही, पण याला असा तडफडत ठेवणे म्हणजे स्वतःला त्रास नको म्हणून पत्करलेला दुबळेपणा होईल, अशा अर्थाचे बोलून ती पक्ष्याच्या डोक्यावर पाय देते. पाय देताना ती आपले तोंड दुसरीकडे फिरविते.

गोगलगाईंना चुकविणारा आणि चंडोलाचे प्राण घेणारा पाय एकच आहे. लेखिकेने हा संबंध कोठेही बोलून दाखविलेला नाही, पण दोन प्रसंग एकाच प्रकरणात, एकाच सकाळच्या फिरण्यात घडतात. तिच्या बोधाचा सारा भार या दोन पावलांवर आहे : जिवाला त्याची वाट मोकळी देणे, आणि वेळ आली तर कठीण निर्णय स्वतः करणे. तोंड फिरविण्याच्या तपशिलाने तो निर्णय निष्ठुर होण्यापासून वाचला आहे. मात्र एक उणीव राहते. मुली येथे केवळ प्रेक्षक आहेत. जे करावयाचे ते बाई करते. मुलींच्या हाती पंख मोडलेली मादी तेवढी येते. श्याम आणि त्याची भावंडे यांचे हात मात्र सतत कामात आहेत. त्यांनी पिलाला उचलले, भरविले आणि पुरलेही. वुल्स्टनक्राफ्टच्या मुलींना मृत्यू दाखविला जातो, साने गुरुजींच्या मुलांच्या हातात तो घडतो. म्हणून ‘भूतदया’ वाचणाऱ्या मुलाच्या मनावर जे कोरले जाते, ते बहुधा आईचे बोलणे नसून तो लहानसा खड्डा असतो. साहित्य म्हणून ‘भूतदया’ श्रेष्ठ ठरते ते यामुळे, आणि विचार म्हणून अपुरी ठरते ती तिच्यात मिसेस मेसनच्या पहिल्या पावलाला जागा नसल्यामुळे.

ते पाऊल साने गुरुजींच्या पुस्तकात नाही असे नव्हे. ते तिसऱ्या रात्री आहे. ‘मुकी फुले’मध्ये श्याम इतर मुलांच्या चढाओढीत फुले उमलण्यापूर्वीच कळ्या तोडून घरी आणतो. आई त्याला समजावते की, कळ्या अशा खुडू नयेत. फुलाला झाडावर, त्याच्या स्वतःच्या जागी, उमलू द्यावे. येथे श्यामच्या मनात क्रौर्य मुळीच नाही. त्याला फुले आवडतात, आणि ती देवासाठीच हवी असतात. आवडते म्हणूनच तो तोडतो. त्याच्या प्रेमातच जो हव्यास आहे, त्यावर आई बोट ठेवते. दुष्ट मुलाला दयाळू करणे हा बोधकथेचा नेहमीचा उद्योग आहे. प्रेमळ मुलाला हात आवरावयास शिकविणे अधिक अवघड आहे, आणि मराठी बालवाचनात हे काम इतक्या साध्या प्रसंगातून करणारी दुसरी जागा सहजासहजी आठवत नाही. शीर्षकातील ‘मुकी’ या विशेषणाचे मोलही येथे कळते. बोलणाऱ्या प्राण्यांच्या कथेत प्राणी तक्रार करू शकतो, म्हणून त्याच्याविषयी कणव वाटणे सोपे जाते. फूल काही सांगत नाही. त्याच्या वतीने आई बोलते, पण त्याच्या तोंडी शब्द घालीत नाही.

फुलांचा प्रसंग प्राण्यांच्या विचारात कसा बसतो, अशी शंका घेता येईल. ‘भूत’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘जे झाले आहे ते’ असा आहे. प्राणी आणि वनस्पती हा भेद त्यात अंतर्भूत नाही. मराठी परंपरेत अहिंसेचा विचारही या व्यापक अर्थाने झाला आहे. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना प्रथम यज्ञासाठी आणि औषधासाठी होणाऱ्या हिंसेचा परखड परामर्श घेतला, आणि त्या औषधाच्या संदर्भात झाडांची साल, मुळे, गाभा ओरबाडण्याचाही हिशेब मांडला. त्यानंतर अहिंसक पुरुषाचे वर्णन येते, आणि ते त्याच्या भावनेपासून नव्हे तर त्याच्या चालण्यापासून सुरू होते. केसर दुखावेल या शंकेने भुंगा कमळावर जसा हलका पाय ठेवतो, तसे त्याचे चालणे आहे. पुढे त्याचे बोलणे, पाहणे, हात यांचे वर्णन येते, आणि मन सर्वांत शेवटी येते. मनात दया उत्पन्न झाली म्हणजे हातापायांचे वागणे आपोआप सुधारेल, असा बोधवाङ्मयाचा नेहमीचा समज असतो. ज्ञानेश्वरांचे वर्णन वाचकाला पायाकडून मनाकडे नेते. मिसेस मेसनचे ओले पाय आणि तो भुंग्याचा पाय यांत पाच शतकांचे आणि दोन संस्कृतींचे अंतर आहे, तरी शिक्षणाची रीत एकच आहे.

याच ठिकाणी ‘दया’ या शब्दाचीही थोडी छाननी केली पाहिजे. दया वरून खाली वाहते. जो देऊ शकतो तो दया करतो. पसायदानात मागितलेले जे आहे ती दया नव्हे, भूतमात्रांतील परस्पर मैत्री आहे, आणि ‘परस्पर’ या शब्दाने तेथे वरखाली हा संबंधच पुसला जातो. भारतीय संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१क मध्ये नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयीच्या दयाबुद्धीचा समावेश झाला. त्या कर्तव्याची भाषा दयेचीच आहे, आणि कायद्याने याहून अधिक मागणे बहुधा शक्यही नसते. वाङ्मयाला ती मर्यादा नाही.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. हात आवरण्याची शिकवण पाचसहा वर्षांच्या मुलाला पेलणारी नाही. त्याला प्रथम जवळ घेऊ द्यावे, भरवू द्यावे, रडू द्यावे. दूर राहून मान देणे हा प्रौढांचा गुण आहे, आणि अकाली शिकविल्यास त्याची उदासीनता होते. प्राण्याला कधी स्पर्शच न केलेले मूल त्याचा आदर करील याची हमी कोण देणार? आक्षेपात तथ्य आहे. लॉकच्या त्या मातेने मुलींना प्राणी दिले होते, नाकारले नव्हते. परंतु ‘मुकी फुले’ तिसऱ्या रात्री येते आणि ‘भूतदया’ अकराव्या, हे विसरता येत नाही. साने गुरुजींच्या आईने आवरणे अवघड मानून पुढे ढकललेले नाही. शिवाय ती श्यामला फुलांपासून दूर राहा असे सांगत नाही. केव्हा व कसे जवळ जावे, हे सांगते. ही शिकवण मुलाला पेलत नाही असे म्हणण्यापेक्षा मोठ्यांना ती द्यावयास सवड नसते, असे म्हणणे अधिक खरे होईल. पिलाला कापसात ठेवण्यास मुलाला परवानगी देणे सोपे असते. झाडाखाली त्याच्यासोबत तासभर थांबून पिलाचे आईबाप येतात काय, हे लांबून पाहणे मोठ्यांच्याच जिवावर येते. वर्गात तर ‘या पाठावरून काय बोध मिळतो’ या प्रश्नाने दोन्ही रात्रींचे उत्तर एकाच शब्दात उरकले जाते, आणि तो शब्द अर्थातच ‘भूतदया’ असतो.

राहता राहिली नववी रात्र. ‘मोरी गाय’मध्ये ना पडलेले पिलू आहे, ना खुडलेली कळी. धडधाकट, मोठे, घरातले जनावर आहे, आणि त्याला स्वतःची आवडनिवड आहे. मोरी श्यामच्या आईशिवाय कोणाला धार काढू देत नाही. पुस्तकात या गोष्टीचा उपयोग आईची थोरवी सांगण्यासाठी झाला आहे आणि वाचकही ती तशीच घेतो. तथापि हा तपशील आईकडून काढून मोरीकडे दिला तर निराळेच काही दिसू लागते. वर पाहिलेल्या प्रसंगांत माणूस निवडतो : कोणाला उचलावे, कोणाला चुकवावे, कोणाला यातनांतून सोडवावे. येथे गाय निवडते. कोणाचा हात आपल्याला लागावा हे ती ठरविते, आणि घरातली माणसे ते मान्य करून आपला हात मागे घेतात. त्या घरच्या मुलांनी हे रोज पाहिले असणार. श्याम त्यावर काही भाष्य करीत नाही. तो आईविषयी बोलत राहतो, आणि गोठ्यात नकार देणारे एक जनावर आपल्या जागी उभे असते.